पंचाहत्तरीची जलसफर

घरातल्या वडीलधाऱ्यांची साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन हे सोहळे आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहेत. हॉल, गुरुजी, होमहवन, पंगत आणि शेवटी ओळीने नमस्कार, असा त्यांचा ठरलेला थाट. हल्ली मात्र मुलं म्हणू लागली आहेत, "हॉलवर खर्च कशाला? त्यापेक्षा सगळे मिळून कुठे तरी जाऊ." आणि या 'कुठे तरी'मध्ये काशी-रामेश्वरच्या जोडीने आता क्रूझ, म्हणजे जहाजाची सफर, हे नाव हमखास येतं. जाहिरातींत निळंशार पाणी असतं, पांढरंशुभ्र जहाज असतं, कठड्याशी हसतमुख आजी-आजोबा असतात. पण कधीच जहाजावर पाऊल न ठेवलेल्या कुटुंबाने यातली कोणती सफर निवडावी, हे त्या जाहिराती सांगत नाहीत. ते आपलं आपल्यालाच शोधून काढावं लागतं.

आमच्या घरी हा विषय निघाला तो आईच्या पंचाहत्तरीमुळे. आम्ही राहतो बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये. जयप्रकाश नारायणांच्या नावाची ही वसाहत समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे सारक्की आणि पुट्टेनहळ्ळीची तळी, आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या फाटकाशी येणारा टँकर! बाबा गेल्यावर, २०१९ साली, आई गिरगावातली जागा बंद करून आमच्याकडे आली. सत्तरीला टेकली असताना ती भाजीबाजारापुरतं कानडी शिकली आणि पुट्टेनहळ्ळी तळ्याच्या फेरफटक्यात तिला चार मैत्रिणीही मिळाल्या.

दोन वर्षांपूर्वी तिला वर्तमानपत्रातल्या ओळी मध्येच वाकड्या दिसू लागल्या. नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं, 'मॅक्युलर डिजनरेशन'. उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजत जातो, तो हा विकार. यात संपूर्ण अंधार होत नाही. मधलं पुसट होत जातं, कडेचं दिसत राहतं. समोर उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, पण दारातून कुणी आत आलं की लगेच कळतं. आईच्या प्रकाराला झीज भरून काढणारा इलाज नाही. ती किती वेगाने वाढेल, हे डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. आमच्या फ्रिजवर चौकटी-चौकटींचा एक कागद चिकटवलेला आहे. त्याला अॅम्स्लरचा तक्ता म्हणतात. रोज सकाळी एकेक डोळा झाकून आई त्यातल्या रेषा पाहते आणि कुठली रेष वाकली ते मला सांगते.

त्यामुळे पंचाहत्तरीच्या बेतात आमच्या सगळ्यांच्या मनात एक गोष्ट न बोलता ठरलेली होती. आईला जे दाखवायचं, ते आता दाखवायचं.

जहाजं पुष्कळ, जानेवारी एकच

माझा धाकटा भाऊ सिएटलला असतो. त्याने पहिल्याच फोनवर जाहीर केलं, "ताई, आईला अलास्काला न्यायचं. खर्च माझा." त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. अलास्काची जहाजं सिएटल आणि व्हँकुव्हर इथून सुटतात आणि बराचसा प्रवास बेटांच्या आडोशाने होतो. पाणी शांत असल्याने बोट लागण्याची भीती कमी. तिथल्या 'ग्लेशियर बे' या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश असतो. १७९४ साली व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या माणसांना हा उपसागर जवळजवळ सगळा बर्फाने भरलेला दिसला होता. तो बर्फ तेव्हापासून शंभर किलोमीटरहून अधिक मागे हटला आहे. जहाज हिमनदीच्या पुढ्यात थांबतं आणि समोर बर्फाचा उंचच उंच कडा उभा असतो. "इतकी मोठी गोष्ट आईला दिसणारच," भाऊ म्हणाला.

माझ्या लेकीने नॉर्वे सुचवलं. तिथे 'हुर्टिग्रुटन' या नावाने ओळखली जाणारी किनारी बोटसेवा १८९३पासून चालू आहे. बर्गेनपासून थेट उत्तरेच्या किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेत जायचं आणि परत यायचं, असा हा बारा दिवसांचा फेरा. डोंगरांच्या चिंचोळ्या फटींत समुद्र शिरलेला, दोन्ही बाजूंना कडे, वर धबधबे.

माझे यजमान स्वदेशीचे पुरस्कर्ते! त्यांनी आपल्याकडचे पर्याय काढले. मुंबईच्या बॅलार्ड पियरहून २०२१पासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं. १९९०चं हे जहाज अकरा मजल्यांचं आहे. गंगेवर १३ जानेवारी २०२३ रोजी 'गंगा विलास' निघाली, वाराणसीपासून दिब्रुगडपर्यंत, ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर. ब्रह्मपुत्रेवर काझीरंगा दाखवणाऱ्या छोट्या बोटी आहेत. आणि केरळच्या हाऊसबोटी तर सर्वांच्या परिचयाच्या.

आठवडाभरातच आमच्या जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग झाला. त्यातून पहिली चाळणी लावली ती आईच्या वाढदिवसाच्या तारखेने. तिचा जन्म जानेवारीतला. अलास्काची जहाजं साधारण मे ते सप्टेंबरमध्ये चालतात. जानेवारीत उत्तर नॉर्वेत सूर्य क्षितिजावर आला न आला इतकाच दिवस, आणि मोठा भाग अंधाराचा. गंगेवर त्या दिवसांत धुकं. ब्रह्मपुत्रेवर हंगाम ऐन भरात असतो, पण ते पात्र इतकं रुंद की कित्येक ठिकाणी पलीकडचा काठ म्हणजे एक करडी रेघ.

"मग उन्हाळ्यापर्यंत थांबू. वाढदिवस सहा महिन्यांनी साजरा केला म्हणून काय बिघडलं?" भावाने विचारलं. मी गप्प बसले. फ्रिजवरचा तो कागद मी रोज पाहत होते. त्याने तो पाहिला नव्हता.

आईचा प्रश्न

इतके दिवस आई आमची चर्चा शांतपणे ऐकत होती. एका रविवारी फोनवर सगळे असताना तिने विचारलं, "त्या जहाजातून किनारा किती लांब असतो रे?"

आम्ही कुणीच याचा विचार केला नव्हता. आईने केला होता, कारण क्रूझ तिला नवी असली तरी बोट नवी नव्हती. लहानपणी दर मे महिन्यात ती आजीबरोबर भाऊच्या धक्क्यावरून देवगडला जायची. कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली ती १९९८ साली. त्याच्या कितीतरी आधी कोकणचा माणूस बोटीनेच ये-जा करत असे. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, अशी बंदरं आई आजही एका दमात म्हणते. बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरत. वळकट्या, फणस, ट्रंका, रडणारी मुलं, सगळं हातोहात खाली जाई. पावसाळ्यात बोटी बंद. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली होती. आईच्या जन्माआधीची ती गोष्ट, पण बोटीत चढताना आजी दर वेळी समुद्राला नारळ का द्यायची, ते त्यामुळे आईला कळलं होतं.

"आमची बोट किनाऱ्याकिनाऱ्याने जायची," आई म्हणाली. "माडांची रांग, देवळाचा कळस, वाळत घातलेली जाळी, सगळं दिसायचं. त्यात मजा होती. नुसतं पाणी बघायला मी कशाला येऊ? पाणी मला आताही सगळीकडे दिसतं," आणि स्वतःच हसली. तिच्या डोळ्यांसमोर मधोमध जो पुसट डाग असतो, त्याला ती 'माझं तळं' म्हणते.

तिच्या या प्रश्नाने आमची यादी पुन्हा तपासली. मुंबई-गोवा सफर आम्हाला फार जवळची वाटत होती. आईचाच जुना जलमार्ग, आणि तोही जानेवारीच्या शांत समुद्रात! पण मोठं जहाज खोल पाण्यातून जातं. बहुतेक वेळा संध्याकाळी सुटतं आणि सकाळी गोव्याला पोहोचतं. म्हणजे विजयदुर्ग, देवगड, मालवण हा सगळा पट्टा रात्रीत निघून जाणार आणि दिसले तर लांबवर चार दिवे. ज्यांना जहाजावरचीच मौज हवी आहे, लहान मुलं, तरुण जोडपी, मोठा गोतावळा, त्यांच्यासाठी ते उत्तमच. पोहण्याचा तलाव, नाटक, गाणी, खाणं यांत दोन दिवस कसे जातात ते कळणार नाही. आईच्या दृष्टीने त्यात देखावा मात्र नव्हता.

लक्षद्वीपला दिवसाचं निळं पाणी होतं, पण तिथे मोठं जहाज बेटाबाहेर उभं राहतं आणि प्रवासी लहान होडीत उतरतात. म्हणजे पुन्हा पडावच! दहाव्या वर्षी ती उडी सोपी असते. पंचाहत्तराव्या वर्षी, पायरीची कडा नीट दिसत नसताना, ती आईला कशी जमणार?

उरलं केरळ. वेंबनाड तलाव आणि त्याला जोडलेले कुट्टनाडचे कालवे. काठ हाताच्या अंतरावर, बोट संथ, प्रवास दिवसाउजेडी. बंगळूरहून रात्रीच्या गाडीने एर्नाकुलम आणि तिथून तासा-दीड तासावर आलप्पुळा. विमान नाही, व्हिसा नाही.

आणि एक गोष्ट डॉक्टरांशी बोलताना लक्षात आली. आईला नाकासमोरचं दिसत नाही, पण बाजूची हालचाल चांगली कळते. पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यावर ती पाणकोंबडी ओळखते ती शेपटी झटकण्याच्या लकबीवरून, तेही तिच्याकडे थेट न बघता. कालव्यातून बोट जाते तेव्हा सगळा देखावा बाजूनेच तर सरकत असतो.

भाऊ मात्र नाराज झाला. "ताई, हाऊसबोट काय, कुणीही नेईल. इतक्या वर्षांत मी आईसाठी काही केलं नाही. पंचाहत्तरीला तरी मोठं काही करू दे ना." त्याचा आवाज जरा कापरा झाला होता. दूर राहणाऱ्या मुलांचं हे दुःख आपल्याला कळतं. जवळ असणाऱ्यांना रोज काही ना काही करता येतं. दूर असणाऱ्याला एकदाच, पण मोठं करावंसं वाटतं. मी त्याला हिशेब सांगितला. सिएटलहून सुटणारं जहाज कायद्यानुसार वाटेत परदेशी बंदर घेतं, म्हणून अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा. या वयातला आणि आधीपासूनच्या आजाराचा विमा. वीस-बावीस तासांचा विमानप्रवास. तो ऐकत होता, पण पटत नव्हतं.

शेवटी आईच म्हणाली, "बाळा, तिकडे मला नेण्यापेक्षा तू दहा दिवस इकडे ये. मी बोटीतून काय बघायचं, ते तू शेजारी बसून सांग."

तो आला.

वेंबनाडवर

आम्ही सहा जण आणि तीन खोल्यांची हाऊसबोट. मल्याळममध्ये हिला 'केट्टुवळ्ळम' म्हणतात, म्हणजे बांधलेली होडी. पूर्वी या बोटी भात वाहून नेत. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असतात, खिळे नाहीत. रस्ते आणि ट्रक आले, तसं त्यांचं काम गेलं आणि १९९०च्या दशकापासून त्या पर्यटकांसाठी नव्या रूपात उभ्या राहिल्या.

बोट ठरवताना आम्ही बारकाईने विचारपूस केली होती. २०२३च्या मे महिन्यात केरळमधल्याच तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं तिच्यात भरली होती. म्हणून बोटीचा परवाना पाहिला, माणशी एक जीवरक्षक जॅकेट आहे का ते मोजलं, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का आणि काठावरून बोटीत जायला फळी आहे की पायऱ्या, तेही विचारलं. आमच्या बोटीला रुंद फळी होती. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने भाऊ, अशी आई आत गेली.

सर्वांत पुढची खुर्ची मानाची. आम्ही ती आईसाठी सजवली होती. ती पाच मिनिटं बसली आणि उठून बाजूच्या कठड्याशी गेली. "इथून बरं दिसतं," म्हणाली. पुढचे दोन दिवस ती तिथेच होती.

दुपारभर काठ सरकत राहिला. दारापुढे पायऱ्या आणि पायऱ्यांपुढे पाणी, अशी घरं. धुणं आपटणारी बाई. आई म्हणाली, "हात खाली येतो आणि आवाज मागाहून येतो, बघ." आम्ही सगळे डोळस, पण ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. होडीत उभा राहून बदकांचा तांडा हाकणारा माणूस. खांबावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, तो तिने पंखांच्या आकारावरून ओळखला. बांधापलीकडे कुट्टनाडची भातशेती, समुद्रसपाटीपेक्षाही खाली. कालव्यातून जाताना आपण वर आणि हिरवीगार शेतं खाली, असं ते विलक्षण दृश्य. ते तिला नीट दिसेना, तेव्हा भावाने समजावून सांगितलं. हाताची ओंजळ करून, "हा बांध, हे आपण, आणि शेत इथे, तळहातात." तिने त्याचा तळहात चाचपून पाहिला आणि मान हलवली.

साडेपाचच्या सुमारास बोटी काठाला बांधतात, कारण रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात. आमचा बेत होता पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण करायचा. पण बोट बांबूची, छप्पर चटयांचं. आमच्या बोटीवरचे वयस्क सारंग हात जोडून म्हणाले, इथे दिवे नकोत. मग सगळं साहित्य घेऊन आम्ही काठावर उतरलो. जवळच्या घरातली बाई कुतूहलाने पाहत होती. तिने आत जाऊन अंगण झाडलेली जागा दाखवली आणि आपला पितळी दिवा आणून मध्ये ठेवला. भोवती आमच्या पंचाहत्तर पणत्या. मावळतीला वारा पडलेला होता, एकही विझली नाही. आई म्हणाली, "एकेक वेगळी दिसत नाही गं. सगळं मिळून एक मोठं सोनेरी दिसतं." भावाने मान फिरवली. मी ओवाळत होते म्हणून मला फिरवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी हाऊसबोट सोडल्यावर आम्ही आलप्पुळाच्या धक्क्यावरून कोट्टायमला जाणाऱ्या सरकारी प्रवासी बोटीत बसलो. अडीचेक तासांचा प्रवास, तिकीट चहा-नाश्त्याहून स्वस्त. लाकडी बाकं, छत्र्या, भाजीच्या टोपल्या, वह्या-दप्तरं. बोट एका काठावरून दुसऱ्या काठाला लागत जाते, दोर फेकला जातो, घंटा वाजते, माणसं चढतात-उतरतात. आई ताठ बसून प्रत्येक थांब्याचं नाव विचारत होती. तिसऱ्या-चौथ्या थांब्यानंतर ती आपल्याशीच पुटपुटू लागली, "हर्णे, दाभोळ, जयगड..." मोठ्या जहाजावर तिला जे मिळालं नसतं, ते या बोटीने तिला दिलं.

तुम्ही निवडताना

आमच्यासारखंच पहिल्यांदा जलसफरीला निघणाऱ्यांना अनुभवाने चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. देखावा पाहायचा असेल तर जहाज किती मजली आहे हे नंतर विचारा. काठ किती जवळ, प्रवास दिवसा की रात्री आणि उतरताना कसं उतरायचं, हे तीन प्रश्न आधी. किनाऱ्याने जाणारी बोट असेल, तर जमीन कोणत्या बाजूला असणार ते पाहून खोली घ्या. समुद्रावर जायचं असेल तर जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागा, तिथे हेलकावे कमी बसतात. बोट लागण्यावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. जाहिरातीतला दर बहुधा एका खोलीत दोघांचा, माणशी असतो. बंदरशुल्क, बक्षिसी, विमा, व्हिसा हे धरून मगच तुलना करा. हाऊसबोटीत वातानुकूलन अनेकदा फक्त रात्रीपुरतं असतं, तेही विचारून घ्या. आणि ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना, बेत पक्का करण्याआधी, त्यांना काय पाहायचंय ते जरूर विचारा. वडीलधारी माणसं आपल्या उत्साहापुढे बहुधा गप्प बसतात. आमच्या आईने एक प्रश्न विचारला, हे आमचं भाग्य.

आता त्याला काही महिने झाले. फ्रिजवरच्या कागदावर आणखी दोन रेषा वाकल्या आहेत. पुट्टेनहळ्ळीच्या फेरफटक्यात मैत्रिणींना आई आलप्पुळा ते कोट्टायम थांबे क्रमाने सांगते, कानडीत, मध्ये मध्ये मराठी घालून. भावाने अलास्काचा बेत सोडलेला नाही. तो त्याने स्वतःच्या पन्नाशीसाठी राखून ठेवला आहे. आईने त्याला बजावून ठेवलंय, "तिथून फोन कर. बर्फ कुठल्या बाजूला आहे, केवढा आहे, पडताना आवाज कसा येतो, सगळं नीट सांग. मी ऐकते."